पुरवठादार की भागीदार? : कोल्हार परिसर, लघुउद्योग आणि सार्वजनिक आरोग्य-संशोधन

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीच्या दोन्ही काठांवर कोल्हार वसले आहे. नगर-मनमाड रस्ता येथे नदी ओलांडतो व येथूनच लोणीवरून संगमनेरकडे जाणारा रस्ता फुटतो. आरोग्यविषयक संशोधनाच्या इतिहासात या गावाचे नाव आढळावयाचे नाही. तथापि सार्वजनिक पैशाने होणाऱ्या अशा संशोधनात लहान उद्योगाला कोणत्या नात्याने स्थान मिळावे, या प्रश्नाचा विचार करताना कोल्हारच्या परिसरातील एका जुन्या अनुभवाचा आधार घेणे उपयुक्त ठरते. तो अनुभव औषधांचा नाही, उसाचा आहे.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांचे पाणी कायमचे हाती आले. हे धरण सार्वजनिक खर्चाने बांधलेले होते. परंतु त्या पाण्यावर पिकणाऱ्या उसाचा मोठा लाभ प्रथम कोणाला झाला? हरेगाव आणि टिळकनगर येथे खाजगी साखर कारखाने उभे राहिले. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन त्यांवर ऊस पिकविण्याची पद्धत या भागात रूढ झाली. जमीन शेतकऱ्याची, पाणी सरकारचे आणि नफा कंपनीचा, अशी ती व्यवस्था होती. लहान खातेदार या व्यवस्थेत उपस्थित होता, पण तिचा भागीदार नव्हता.

या स्थितीला कलाटणी मिळाली ती लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्यामुळे. विठ्ठलराव विखे पाटील यांची संघटनशक्ती, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन आणि मुंबई राज्याचे तत्कालीन मंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ यांच्या संयोगातून हा कारखाना उभा राहिला. १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. येथे सरकारने प्रत्येक शेतकऱ्याला वेगळे अनुदान दिले असते, तर त्यातून कारखाना निर्माण झाला नसता. एकट्या खातेदाराला यंत्रसामग्री विकत घेता येत नव्हती, तज्ज्ञ ठेवता येत नव्हता आणि तोट्याचे वर्ष सोसता येत नव्हते. या तीनही गोष्टी सामाईक करावयाच्या आणि मालकी मात्र लहान माणसाकडेच ठेवावयाची, हे या प्रयोगाचे सार होय.

आरोग्य-संशोधनाच्या क्षेत्रात महाराष्ट्राचा प्रवास निराळ्या मार्गाने झाला. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत लसीवर काम आरंभिले आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा स्थापन झाली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. संशोधन शासनाच्या खर्चाने करावयाचे आणि त्यातून निघालेली लस वा रक्तजल शासनाच्याच संस्थेत तयार करावयाचे, असा तिचा दीर्घकाळचा क्रम होता. साथीच्या काळात तो उचितही होता. कारण एवढ्या प्रमाणावर लस करू शकणारा दुसरा कोणी उपलब्ध नव्हता.

या व्यवस्थेत खाजगी व्यावसायिक होते, परंतु ते पुरवठादार म्हणून. धनुर्वातावरील प्रतिविष घोड्याच्या रक्तातून काढले जाते. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोडे त्यासाठी हाफकिन संस्थेकडे जात असत. आपल्या घोड्यांपासून बनलेले औषध आपणच का बनवू नये, असा विचार करून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. आरंभी तेथे धनुर्वाताचेच प्रतिविष तयार होत असे. पुढे ही संस्था जगातील सर्वांत मोठ्या लसउत्पादकांपैकी एक झाली, हे सर्वविदित आहे. पुरवठादाराचा उत्पादक झाल्याचे हे ठळक उदाहरण होय. परंतु त्यावरून सामान्य नियम काढणे धोक्याचे आहे. येथे व्यावसायिकाजवळ जमीन, जनावरे आणि भांडवल ही तिन्ही अगोदरपासून होती. ज्याच्याजवळ केवळ कल्पना आणि कसब आहे, त्याच्यासाठी त्या काळी नियमाने आखलेली वाट नव्हती.

अशी वाट कायद्याने आखण्याचा प्रयत्न प्रथम अमेरिकेत झाला. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९७७ साली लहान उद्योगांच्या संशोधनासाठी एक प्रायोगिक योजना सुरू केली आणि तिच्या आधारे १९८२ साली कायदा झाला. ज्या शासकीय विभागांचा बाहेरील संस्थांना दिला जाणारा संशोधनखर्च वर्षाला १० कोटी डॉलरांहून अधिक असेल, त्यांनी त्यातील ठराविक भाग लहान उद्योगांसाठी राखून ठेवावा, असे बंधन त्याने घातले. हा भाग आरंभी ०.२ टक्के होता. तो क्रमाने वाढत २०१७ मध्ये ३.२ टक्क्यांवर पोहोचला. आरोग्याच्या क्षेत्रात राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या मोठ्या निधीमुळे या तरतुदीला विशेष महत्त्व आले. या योजनेतील टप्पे लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिल्या टप्प्यात कल्पना शक्य आहे की नाही एवढेच पाहावयाचे, दुसऱ्यात ती विकसित करावयाची आणि तिसऱ्यात बाजारात उतरावयाचे. मात्र तिसऱ्या टप्प्यासाठी या राखीव निधीतून पैसा मिळत नाही. अपयशाची किंमत आरंभीच आणि थोडक्यात मोजली जावी, हा त्यामागील हेतू होय.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली याच धर्तीवर लघुउद्योगांच्या नवसंशोधनासाठी योजना सुरू केली. २०१२ साली ‘बायरॅक’ ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली आणि तिच्या ‘बिग’ या योजनेखाली आरंभीच्या कल्पनेस १८ महिन्यांकरिता ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची सोय झाली. तथापि केवळ अनुदानाने भागत नाही, हे लवकरच ध्यानात आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ सालीच ‘व्हेंचर सेंटर’ उभे राहिले होते. नव्या उद्योजकाला महागडी उपकरणे, प्रयोगासाठी जागा आणि सल्ला तेथे एकत्र मिळू लागला. २०१७ मध्ये सुमारे १५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय बायोफार्मा अभियान सुरू झाले. त्याचा निम्मा भार जागतिक बँकेच्या साहाय्यातून उचलावयाचा होता. त्यातही सामाईक प्रयोगशाळा आणि चिकित्सालयीन चाचण्यांसाठी रुग्णालयांचे जाळे यांना स्थान दिले गेले. म्हणजे लोणीच्या कारखान्याने उसाबाबत जे केले, तेच तत्त्व शासनाने येथे निराळ्या नावाने स्वीकारले.

सामाईक सुविधांचे मोल किती असते याचा प्रत्यय मार्च २०२० मध्ये आला. कोरोनाच्या निदानासाठी पुण्याच्या ‘मायलॅब’ या तुलनेने लहान व नव्या कंपनीने चाचणीसंच तयार केला. पुण्यातच असलेल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्याची तपासणी केली आणि त्या कसोटीस उतरून व्यापारी मान्यता मिळविणारा तो पहिला भारतीय संच ठरला. या संस्थेची मूळ स्थापना १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून झाली होती. सार्वजनिक खर्चाने पोसलेल्या सुमारे सात दशकांच्या अनुभवाचा लाभ एका लहान उद्योगाला त्या वेळी काही दिवसांत मिळू शकला. त्या कसोटीचे दार उघडे नसते, तर कंपनीच्या कौशल्याला बाजारात किंमत आली नसती.

आता पुन्हा कोल्हारकडे वळणे आवश्यक आहे. साखर कारखान्याभोवतीच्या सहकारी चळवळीतून लोणी येथे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि २००३ मध्ये तेथील संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कोल्हारपासून हे स्थान जवळच आहे. ज्यांच्या आजारांचा येथे अभ्यास होतो ते रुग्ण मुख्यतः आसपासच्या गावांतील शेतकरी आणि मजूर आहेत. आरोग्य-संशोधनात रुग्णाचा अनुभव, त्याची नोंद आणि त्याची संमती हीच मूळ सामग्री असते. ती या गावांनी पुरवावयाची आणि तिच्यापासून घडणारे उपकरण वा औषध मात्र पुण्या-मुंबईत बनून, किंमत लावून, पुन्हा याच गावांत विक्रीस यावयाचे, असे झाले तर खंडाने दिलेल्या जमिनीचीच कथा नव्या वेषात घडेल.

कोल्हारसारख्या बाजारपेठेच्या गावात लेथ चालविणारा, विद्युत-उपकरणे दुरुस्त करणारा किंवा औषधांचा व्यापार करणारा माणूस दुर्मिळ नसतो. चाकाच्या खुर्चीचा एखादा टिकाऊ भाग घडविण्याचे कसब त्याच्याजवळ असू शकते. परंतु त्या भागाची शास्त्रीय चाचणी कोठे करावी, रुग्णांवर वापरून पाहण्यास नीतिसमितीची अनुमती कशी मिळवावी, वैद्यकीय उपकरणांविषयीचे २०१७ चे नियम काय सांगतात, अनुदानाचा अर्ज कोणत्या भाषेत आणि कशा रीतीने भरावा, यांपैकी प्रत्येक पायरी त्याच्या एकट्याच्या आवाक्याबाहेरची आहे. १९५० पूर्वीच्या खातेदारापुढे ज्या प्रकारची अडचण होती, त्याच प्रकारची ही आहे.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, लहान उद्योगाचा सहभाग हा निधीच्या रकमेपेक्षा मधल्या संस्थेवर अधिक अवलंबून असतो. हाफकिन संस्थेच्या काळात अशी मधली संस्था नव्हती, म्हणून पुरवठादारांपैकी ज्याच्याजवळ भांडवल होते तोच पुढे जाऊ शकला. पुण्यात ती निर्माण झाली, म्हणून तेथे नव्या कंपन्यांना आधार मिळाला. प्रवराकाठी वैद्यकीय विद्यापीठ आहे, रुग्णालय आहे आणि सामाईक भांडवलाची पाऊणशे वर्षांची परंपराही आहे. चाचणीची साधने, अर्जाचे साहाय्य आणि लाभातील रुग्णांचा व कारागिरांचा वाटा ठरविणारे करार या गोष्टी त्यांना जोडल्या गेल्यास येथील लहान उद्योग संशोधनाचा भागीदार होऊ शकेल. त्या न जोडल्या गेल्यास शासनाच्या योजना कागदावर सर्वांसाठी खुल्या राहतील आणि प्रत्यक्षात, कालव्याच्या पाण्याप्रमाणे, ज्याच्याजवळ कारखाना आहे त्याच्याकडेच वाहत जातील.