शस्त्रक्रियेनंतरचे हृदय : रुग्णशिक्षणाचा इतिहास

महाराष्ट्रातील हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे स्मरण प्रथम होते. तेथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. शस्त्रक्रियेनंतर घरी कसे राहावे, हा प्रश्न तेव्हा उद्भवलाच नाही.

तो पुढे उद्भवला. ६ डिसेंबर १९९० रोजी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत भारतीय बनावटीची झडप प्रथमच रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. पुढे शासनाच्या जीवनदायी योजनेमुळे भोर व वेल्हे (आताचा राजगड तालुका) येथील गरीब कुटुंबांनाही ही शस्त्रक्रिया आवाक्यात आली. रुग्ण वाचू लागले. परंतु काहींचे हृदय दुर्बलच राहिले. 'हार्ट फेल्युअर' म्हणजे हृदय थांबणे नव्हे, तर त्याची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती कमी पडणे. अशा वेळी शरीरात मीठ व पाणी साचते.

अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. मायकेल रिच व सहकाऱ्यांनी ७० वर्षे व त्यावरील २८२ रुग्णांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना परिचारिकेने आजार, आहार व औषधे नीट समजावून दिली आणि घरी गेल्यावरही विचारपूस चालू ठेवली. या गटात हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग ९० दिवसांत निम्म्याहून कमी झाले. नवे औषध नव्हे, समजावणे कामी आले!

त्या शिकवणीत अवघड काही नाही. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले अथवा उताणे झोपता धाप लागली, तर डॉक्टरांना त्वरित कळवावे. पावसाळ्यात तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीवरून पुणे गाठावे लागते. तेथे हा एक दिवसही मोलाचा ठरतो. पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठ आपल्या मोजणीत येतच नाही, हीही अडचण आहे.

आपल्या घरांत आणखी एक बाब पाहावी लागते. धातूची झडप बसविलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी आजन्म घ्यावी लागते. पालेभाज्यांतील 'के' जीवनसत्त्व तिच्या विरुद्ध काम करते. चातुर्मासात पालेभाज्या एकदम सोडल्या, तर तीच मात्रा जास्त होऊन रक्तस्रावाचा धोका संभवतो. पुन्हा सुरू केल्या की मात्रा अपुरी पडते. म्हणून व्रत घेण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगून रक्ततपासणीची तारीख ठरवावी. चौविहार पाळणाऱ्यांनी रात्रीच्या गोळीची वेळही त्याच भेटीत विचारून घ्यावी.