विहीर आखूड, भास्कर लांब

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी उंद्रीतल्या चहाच्या टपरीवर प्रश्न एकच असतो: भेंडवळचं काय आलं? भेंडवळ घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यात. आम्ही घाटावरचे, चिखली तालुक्यातले. मध्ये खामगाव, पूर्णा नदी आणि रणरणतं ऊन. तरी तिथे रात्रीतून काय घडलं याची वाट इथला शेतकरी पाहतो. आता बातमी मोबाइलवर सकाळीच येते. आजीच्या वेळी ती खामगावच्या बाजाराला गेलेल्या गाड्यांबरोबर यायची आणि गावात शिरेपर्यंत तिच्यात दोन-चार पाऊस वाढलेले असायचे.

तृतीयेच्या संध्याकाळी भेंडवळला गावाबाहेरच्या शेतात अठरा धान्यांचं रिंगण मांडतात. गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, करडी, सरकी, अंबाडी अशी धान्यं. मधोमध खड्डा. त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडोई, कुरडई, भजं, करंजी. रात्री तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे कोणता दाणा सरकला, कोणतं ढेकूळ किती भिजलं, हे पाहून पावसाचं आणि पिकाचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी घालून दिलेली ही घटमांडणी तीनशेहून अधिक वर्षांची मानली जाते आणि आजही वाघ घराण्याकडेच आहे.

माझा या भाकितावर विश्वास नाही. रात्रीचा वारा, मुंग्या, उंदीर यांना दाणा सरकवायला देवाची परवानगी लागत नाही. हे मी आजीला एकदा जरा ऐटीतच सांगितलं. ती सूप पाखडत होती, तशीच पाखडत राहिली. म्हणाली, "ढेकूळ भिजलं म्हणजे देव दिसला, असं म्या कवा म्हटलं? ढेकूळ तं कोनाचंबी भिजते."

तिचा सगळा हिशोबच वेगळा होता. पाण्याच्या गोष्टींचा तिच्याकडे मोठा साठा होता, कारण गावाकडे पाण्याचा साठा नव्हता. पाऊस ओढला की धोंडी काढायची, कडुनिंबाच्या डहाळ्यांनी मढवलेल्या पोराच्या अंगावर घरोघरी पाणी ओतायचं. तेही चुकलं तर महादेव कोंडायचा, म्हणजे गाभाऱ्यात पाणी भरून पिंड बुडवायची. गाव कोरडं ठणठणीत असताना पिंड बुडेल इतकं पाणी बायांनी डोक्यावर आणायचं, हा व्यवहार मला लहानपणी उफराटा वाटे. आजीलाही वाटत असावा. ती म्हणे, "देवाले कोंडून पाऊस पडते का नाही, मले नाही माहीत. पण त्या दिवशी भावकीतल्या अबोल्यातल्या बाया एका रांगेत हांडे देतात."

इथली विहीर खणणं म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय त्यालाच या गोष्टी नीट कळतील. वरची काळी माती संपली की मुरूम, मुरुमाखाली मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचं पठार झालं. त्या थरांच्या सांध्यांत आणि भेगांत जे पाणी अडकतं तेवढंच आपलं. सांधा सापडला तर पाणी, नाहीतर पन्नास हात खोल कोरडा खड्डा आणि सावकाराचा कागद. शेजारच्याच्या विहिरीला बारमाही झरा आणि बांधाच्या अलीकडे टिपूस नाही, असं सर्रास होतं. म्हणून पाणाड्या येतो, हातात नारळ घेऊन शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला की पाय रोवून म्हणतो, इथं. त्याचं खरं ठरलं तर तो गावोगाव सांगितला जातो, खोटं ठरलं तर खणणाऱ्याचं नशीब. पहार, सुतकी, सुरुंग यांच्या आवाजात वाढलेल्या माणसाला खडकातून पाणी निघणं ही पुराणातली बाब वाटत नाही. ती उधारीवर केलेली प्रार्थना असते.

आणि म्हणून अकोलीची विहीर. गजानन महाराज शेगावात प्रकटले ते 23 फेब्रुवारी 1878 रोजी, उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुळकर्णी यांना दिसले, आणि 8 सप्टेंबर 1910 ला, ऋषिपंचमीच्या दिवशी त्यांनी समाधी घेतली. हे बुलढाणा जिल्ह्यातलं पोरही सांगेल. दासगणूंनी 1939 साली एकवीस अध्यायांची पोथी लिहिली, तिची पारायणं आमच्याकडे घरोघर होतात. आजीला वाचता येत नव्हतं. पण पोथीतल्या गोष्टी तिने पोथी छापण्याआधीच्या माणसांकडूनही ऐकल्या होत्या. तिच्या सासऱ्यांनी लहानपणी महाराजांना लांबून पाहिलं होतं, एवढंच आमचं भांडवल. "काय दिसलं?" विचारलं तर ते म्हणत, "गर्दी."

अकोलीची गोष्ट ती अशी सांगे. वैशाखातली दुपार. भास्कर पाटील शेतात राबतोय. गावातून डोक्यावर आणलेली पाण्याची घागर झाडाखाली. महाराज येऊन पाणी मागतात. भास्कर चिडतो. धडधाकट माणूस, अंगावर चिंधी नाही, काम नाही, आणि माझ्या डोक्यावरून आणलेल्या पाण्यावर हक्क सांगतो! देत नाही. महाराज काही न बोलता जवळच्या विहिरीकडे चालू लागतात. भास्कर मागून ओरडतो, ती कोरडी आहे, बारा वर्षं झाली. महाराज काठाशी बसतात, डोळे मिटतात. झरा फुटतो. विहीर भरते. महाराज ओंजळीने पाणी पितात.

एवढं आजी दोन दमांत संपवायची. आम्हा पोरांना नेमकं तेच हवं असायचं: पाणी कसं वर आलं, आवाज झाला का, किती हात भरलं. त्यावर ती म्हणे, "पाणी आलं, झालं." आणि खरी गोष्ट पुढे सुरू करायची. महाराज भास्करला म्हणाले की आता डोक्यावर पाणी आणू नकोस, इथं मळा कर. कोणताही शेतकरी हे ऐकून नाचला असता. कोरडवाहू रान ओलिताचं झालं! भास्करने मळा केला नाही. पोथीतला भास्कर म्हणतो ते साधारण असं की कोरडी विहीर मीच होतो, खडक फोडलात तो माझा. औत तसंच सोडून तो महाराजांच्या मागे शेगावला निघून आला.

आजीचं मन इथे रेंगाळायचं. कारण शेगावात आल्यावरही भास्कर लगेच धुतल्या तांदळासारखा झाला नाही. बाळाभाऊ नावाचा दुसरा भक्त महाराजांपाशी राहू लागला तर भास्करचं पोट दुखलं. हा मिठाईसाठी इथं पडून असतो, अशी त्याने निंदा केली. मग महाराजांनी बाळाभाऊंना छत्रीने बडवलं, काठीने बडवलं, आणि बाळाभाऊ जागचे हलले नाहीत. मार बाळाभाऊंना, आणि तोंडात मारल्यागत झालं भास्करला. हा भाग सांगताना ती हसायची. पाणी भरायला महाराजांना एक घटका पुरली, भास्करला मात्र वर्षं लागली, असं ती मोठ्याने म्हणाली नाही. पण गोष्टीतल्या वेळेची वाटणीच तशी होती.

मी भूगर्भशास्त्राचं थोडंफार वाचलं आहे. बंद पडलेला झरा पुन्हा वाहू लागण्याची कारणं मला कुणीही समजावून देऊ शकेल. ओलिताची जमीन समोर तयार असताना औत सोडून जाणाऱ्या पाटलाचं कारण कुठल्या शास्त्राकडे आहे ते मला माहीत नाही. आमच्या गावचे पाटील बांधाच्या वितभर मातीसाठी पिढ्या न् पिढ्या कोर्टात गेलेत.

लोणारलाही ती असंच करायची. साऱ्या जगातले अभ्यासक जे पाहायला येतात ते तिला फारसं महत्त्वाचं वाटत नसे. उल्का आदळून बेसाल्टमध्ये झालेलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, आत खारं पाणी, 2020 च्या जून महिन्यात ते पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी दाखवलं. मीठ आणि उष्णता वाढली की वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते झालं, असं तपासणीत निघालं. आजी तोवर राहिली नव्हती, पण राहिली असती तरी म्हणाली असती, "रंग तं बदलन." तिच्या गोष्टीत लोणासुर नावाचा दैत्य तिथे भुयारात दडून होता, विष्णूने त्याला मारलं, आणि त्या खाऱ्या विवराच्या अगदी काठावर गोड्या पाण्याची धार निघाली. ती धार आजही बारा महिने वाहते. आजीने तिच्याखाली डोकं धरून माझंही डोकं धरलं होतं. खाली आंबट-खारट वास, वर गोडं पाणी. "दोघाची माय एकच," ती म्हणाली, आणि ओलं लुगडं पिळायला लागली.

1972 ची गोष्ट मात्र पोथीतली नाही. उन्हाळा संपला नाही, पावसाळा आलाच नाही. ज्वारी गेली, कडबा गेला, बैल कवडीमोलाने गेले. सरकारने दुष्काळी कामं काढली आणि सारा गाव रस्त्यावर खडी फोडायला बसला. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की त्या पिढीतली माणसं आजही तोंड वाकडं करतात.

आमच्या भावकीतले एक आजोबा त्या साली पालटले. त्यांचं नाव लिहीत नाही, नातवंडं आहेत. पत्ते आणि दारू या दोन गोष्टींत त्यांची बरीच जमीन गेली होती. बायको निंदायला जायची, हे ओट्यावर असायचे. त्या वर्षी ओट्यावर बसून चालणार नव्हतं. हातोडा घेऊन ते बायकोच्या शेजारी खडीवर बसले, आणि तिचा हात त्यांच्यापेक्षा जास्त चालतो, हे चारचौघांत दिसलं. मुकादमाने मोजमाप घेतलं तेव्हा तिचं ब्रास मोठं. आजी सांगायची, त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढच्या आषाढीला पंढरपूरहून माळ घालून आले.

मी विचारलं, "भुकेनं घातली का भक्तीनं?"

"कोन पाहाले गेलं होतं? मरेपोत तोडली नाही, ते पायलं आमी."

मला हा बदल देवाचा वाटत नाही, दुष्काळाचा आणि एका बाईच्या हातोड्याचा वाटतो. आजीला त्यात भेदच दिसत नसे. 1899-1900 च्या दुष्काळात अकोला-खामगावकडे मिशनच्या लोकांनी अनाथ पोरं सांभाळली. त्या पोरांच्या घरांतल्या म्हाताऱ्याही अशाच गोष्टी सांगत असतील, देवाचं नाव तेवढं वेगळं. मन बिघडलेल्यांना घेऊन होळीला सैलानीबाबांच्या दर्ग्याला जाऊन आलेली माणसंही सांगतात. तिथे मात्र माझं आजीशी भांडण व्हायचं. मन बिघडलेल्या माणसाला आधी डॉक्टरकडे न्यावं, मग कुठेही. तिने हे अर्धंच मान्य केलं: दोन्हीकडे न्या, म्हणायची, गाडीभाडं एकच पडते.

भास्करची गोष्ट पुढे अवघड होते. त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं. पाश्चरची लस 1885 सालीच निघाली होती, पण हिंदुस्थानात कसौलीला संस्था उघडली ती 1900 साली, आणि कसौली वऱ्हाडातून काय जवळ? लोक वैद्य-डॉक्टर सुचवू लागले. भास्कर म्हणाला, माझा डॉक्टर गजानन. महाराजांनी त्याला दोन महिने देऊ केले. बास. त्या दोन महिन्यांत त्र्यंबकेश्वर, नाशिक करून सगळे अडगावला आले आणि चैत्र वद्य पंचमीला भास्कर गेला. जवळच द्वारकेश्वर म्हणून जागा आहे, तिथे त्याची समाधी.

आम्ही पोरं इथे रागवायचो. विहीर भरता येते तर कुत्र्याचं विष उतरवता येत नाही? आजी याचं उत्तर कधीच देत नसे. पोथी मागच्या जन्मीचा हिशोब सांगते, तोही ती सांगायची नाही. ती थेट कावळ्यांवर जायची. समाधीनंतर द्वारकेश्वरी अन्नदान चाललं, तर कावळ्यांनी पंगतीत धुमाकूळ घातला. लोक तिरकमठे घेऊन उठले. महाराजांनी थांबवलं. भास्कर वैकुंठाला गेला, त्याच्या पिंडाला शिवायला मिळालं नाही म्हणून हे रागावलेत, असं सांगून कावळ्यांना म्हणाले, आजचा प्रसाद घ्या, उद्यापासून इकडे येऊ नका. पोथीत आहे की बारा वर्षांनी लोक मुद्दाम पाहायला गेले, तर तिथे एकही कावळा नव्हता.

माझे धाकटे काका शिक्षक. ते एका सुट्टीत द्वारकेश्वरला जाऊन आले आणि ओसरीवर सगळ्यांसमोर जाहीर केलं की मी डोळ्यांनी कावळे पाहिले, एक नाही, चार. आम्ही सगळे आजीकडे पाहू लागलो. तिने सुपारी कातरणं थांबवलं नाही.

"पोथीत बारा वर्षं हाय का नाही?"

"आहे."

"अन् तू कवा गेलता?"

"या दिवाळीत."

"मंग," आजी म्हणाली, "उशीर कोनं केला?"