फॉरमॅट मारण्याची कुळकथा

कॉम्प्युटर रखडायला लागला, व्हायरस शिरला, सुरूच होईना, की आपल्याकडे इलाज ठरलेला: फॉरमॅट मारा आणि विंडोज नव्यानं टाका. या इलाजावर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या एका गाळ्याच्या दुकानापर्यंत कितीतरी जणांची पोटं भरली. फॉरमॅट मात्र पुसण्यासाठी जन्माला आलाच नव्हता. त्याचं मूळ काम कोऱ्या चकतीवर खाने आखायचं. पुसून टाकण्याची ख्याती त्याला मागाहून चिकटली, आणि बराच काळ ती खोटीच होती.

सप्टेंबर १९५६मध्ये आयबीएमनं ३०५ रॅमॅक हा संगणक जाहीर केला. त्याची डिस्क कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथं रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूनं घडवली होती. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या, वजन टनभर, आणि मावणार किती तर ५० लाख अक्षरं. ती शंभर-शंभर अक्षरांच्या ५० हजार खान्यांत वाटलेली होती. चुंबकीय लेपाची चकती जिथं बघावी तिथं सारखीच. खाना कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, हे वाचणाऱ्या दांडीला कुणीतरी सांगावं लागतं. फॉरमॅटचं बीज या गरजेत आहे.

१९७१मध्ये आयबीएमचीच आठ इंची फ्लॉपी आली. सिस्टिम-३७० या मोठ्या यंत्रांना सुरू होताना लागणाऱ्या अंतर्गत सूचना भरण्यासाठी ती बनवलेली होती, आणि ग्राहकाला तिच्यावर काही लिहिता येत नसे. म्हणजे सॉफ्टवेअर ‘टाकण्या’साठीच फ्लॉपीचा जन्म, कागदपत्रं ठेवणं ही नंतरची सवय. १९७३च्या ३७४० यंत्राबरोबर लिहिता येणारी फ्लॉपी आली: ७७ वर्तुळाकार वाटा, प्रत्येक वाटेवर २६ खाने, प्रत्येक खान्यात १२८ बाइट. काही कंपन्या दर खान्यासाठी चकतीला एक भोक पाडत. आयबीएमनं एकच भोक ठेवलं आणि प्रत्येक खान्याच्या तोंडाशी त्याचा पत्ता चुंबकीय खुणांनी लिहिला. हे पत्ते लिहिणं म्हणजे फॉरमॅट.

पत्ता लिहिल्यावर खान्यात काहीतरी भरावं लागे, कारण चुंबकीय पट्ट्यावर ‘काहीच नाही’ असं लिहिता येत नाही. आयबीएमनं त्यासाठी सोळा अंकांच्या मोजणीतला ई-५ हा आकडा वापरला, आपल्या दहा अंकांच्या मोजणीत २२९. पुढं गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. तिच्या फाइलींच्या यादीत नोंदीच्या सुरुवातीला ई-५ दिसला, की ती जागा रिकामी. सोय अशी झाली, की नुकत्याच फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीची यादी आपोआप रिकामी ठरे, वेगळं काही लिहावंच लागत नसे. हीच खूण मायक्रोसॉफ्टच्या डॉसनं उचलली. डॉसमध्ये फाइल डिलीट केली, की तिच्या नावाचं पहिलं अक्षर जाऊन तिथं ई-५ बसे. मजकूर होता तिथंच. म्हणून तर डॉसची अनडिलीट आज्ञा फाइल परत देताना विचारायची, नावाचं पहिलं अक्षर सांगा. जपानमध्ये याच खुणेनं पंचाईत केली. तिथल्या काही कांजी अक्षरांचा पहिला बाइट नेमका ई-५ निघाला, आणि त्यासाठी डॉसमध्ये वेगळी पळवाट काढावी लागली. फ्लॉपीच्या रिकाम्या खान्यात भरलेला एक आकडा इतका पुढं पोचला.

ऑगस्ट १९८१च्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्क नव्हतीच. फॉरमॅटची आज्ञा होती ती १६० किलोबाइटच्या फ्लॉपीसाठी. मार्च १९८३मध्ये पीसी एक्स-टी दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला आणि फॉरमॅटचे दोन मजले झाले. खालच्या मजल्यावर खान्यांचे पत्ते लिहिणं; त्यासाठी कित्येक कंट्रोलर कार्डांवर डॉसमधलं डीबग हे साधन उघडून ‘जी=सी८००:५’ हा मंत्र टाकावा लागे. वरच्या मजल्यावर फाइलींची यादी आणि कोणता खाना कुणाचा याचा तक्ता. पुढच्या डिस्क खालच्या मजल्याचं काम कारखान्यातूनच करून येऊ लागल्या, आपल्या हाती उरलं ते वरचं.

आणि वरचं काम म्हणजे तलाठ्याचं दप्तर जाळणं. सातबारा गेला, पण जमीन आणि तिच्यावरचं उभं पीक जागच्या जागी. हार्ड डिस्कवर डॉसचा फॉरमॅट नवा तक्ता आणि नवी यादी लिही, बाकी खाने खराब आहेत का एवढंच वाचून पाही. पडद्यावर टक्के सरकत, तासभर जाई, आणि बघणाऱ्याला वाटे सगळं घासून निघतंय. त्यात खुद्द डॉसच आधी धमकावी, की डिस्कवरची सगळी माहिती जाईल. आपला गैरसमज असा थेट उत्पादकाकडून आला. पॉल मेस आणि पीटर नॉर्टन यांच्या कंपन्यांनी फॉरमॅट उलटवणारी साधनं विकून पैसा केला. १९९१च्या एमएस-डॉस ५मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःच अनफॉरमॅट दिलं.

मग तरीही फॉरमॅटनंतर कॉम्प्युटर ताजातवाना का होई? कारण विंडोज ९५ पासून सगळ्या प्रोग्रामांच्या नोंदी एका रजिस्ट्रीत जमत. सामायिक डीएलएल फाइलींमध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याच्या आवृत्तीवर आपली आवृत्ती लिहून ठेवी. काय बिघडलं हे शोधण्यापेक्षा नवं टाकणं स्वस्त पडे. मात्र ऑगस्ट २००३मध्ये इंटरनेटवरून आपोआप पसरणारा ब्लास्टर वर्म आला तेव्हा हा इलाजही फसला. नवं कोरं एक्सपी इंटरनेटला जोडलं, की दुरुस्ती उतरवून घेण्याआधीच वर्म पुन्हा हजर. ज्यांनी ती दुरुस्ती आधीच सीडीवर घेऊन ठेवली होती ते वाचले.

त्याच वर्षी सिमसन गारफिंकल आणि अभि शेलट यांनी जुन्या बाजारातून घेतलेल्या १५८ हार्ड डिस्कांचा अभ्यास छापला. चालू निघालेल्या १२९पैकी नीट पुसलेल्या फक्त १२. एक डिस्क चक्क एटीएममधली होती. त्याआधी १९९६मध्ये पीटर गटमन यांनी डिस्क पुसण्यासाठी ३५ वेळा वरून लिहिण्याची पद्धत सुचवली होती. लोकांनी तिचं सोवळं केलं, गटमन यांनाच पुढं सांगावं लागलं, की नव्या डिस्कांना पस्तीसच्या पस्तीस फेऱ्या घालण्यात अर्थ नाही. विंडोजचा पूर्ण फॉरमॅट खरोखर शून्यं लिहू लागला तो व्हिस्टापासून.

चकतीऐवजी चिप असलेल्या एसएसडीवर चित्र उलटं झालं. विंडोज ७ पासून क्विक फॉरमॅट मारताच ट्रिम आज्ञेनं ड्राइव्हला कळवलं जातं, की इथलं आता काही नको. ड्राइव्ह सवडीनं ते खाने मोकळे करतो. काही सेकंदांच्या फॉरमॅटनंतर डेटा रिकव्हरीवाला हल्ली पहिल्यांदा विचारतो, हार्ड डिस्क होती की एसएसडी. दुसरं उत्तर ऐकलं, तर बहुधा तो पैसे घ्यायलाही तयार नसतो.