कागद कोणाच्या पायांनी चालतो

महारकीच्या कामांची यादी करताना आपण मेलेली ढोरे ओढण्यापाशी थांबतो. त्या यादीत आणखी एक काम होते. सरकारी टपाल एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवायचे, चावडीवर वर्दी द्यायची, मयत झाली की सोयऱ्यांच्या गावी सांगावा न्यायचा. ज्याला अक्षर शिकू दिले नाही त्याच्याच हाती राज्याचा कागद होता. आत काय लिहिले आहे हे त्याला कळत नसे, आणि कागद पोचला नाही तर गुन्हेगार तोच. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे ही वेठही होती. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. पण पाय इथेही आमचेच होते.

हे सगळे मला आठवले ते 2021 साली, अहमदपूरहून नांदेडला जाणाऱ्या एसटीत. शेजारी माझी चुलती बसली होती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत नातवाची कागदे. त्याचे आईबाप कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पंधरा दिवसांच्या अंतराने गेले. दोघेही नांदेडच्या दवाखान्यात गेले म्हणून मृत्यूची नोंद नांदेडला झाली. 1969 च्या कायद्याप्रमाणे नोंद जिथे मरण आले तिथेच होते. लेकरू मात्र लातूर जिल्ह्यात, आजीपाशी. त्याला मदत द्यायची ती लातूरच्या खात्यांनी.

मदतीच्या योजना नव्हत्या असे नाही. अनाथ मुलांसाठी 7 मे 2021 रोजी राज्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले. जूनमध्ये, दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवण्याचा निर्णय झाला. 2005 सालापासूनची बालसंगोपन योजना होतीच. लेकराला संस्थेत न घालता कुटुंबातच वाढवावे, आणि त्या कुटुंबाला दरमहा अनुदान द्यावे, अशी ती योजना. अनुदान तेव्हा महिना 1,100 रुपये होते, 2023 साली ते 2,250 झाले. त्याच सुमारास तिला सावित्रीबाईंचे नाव मिळाले.

पण प्रत्येक खिडकीवर तेच कागद नव्याने मागितले जात. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा, आणि त्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा. ज्यांच्या नावे तेव्हा जमीन नव्हती, शाळा नव्हती, त्यांनी निजामाच्या काळातला पुरावा आणायचा कोठून? एका कार्यालयात चौथ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा चुलती माझ्याकडे वळून म्हणाली, "लेकरा, माजं पोरगं मेल्यालं किती डाव सांगू? ह्या सायबांचं एकमेकांसंगं बोलनं न्हाई का?"

नाही, हेच खरे उत्तर. महिला व बालविकास, महसूल, शिक्षण, आरोग्य, समाजकल्याण या सगळ्यांकडे लेकराचा एकेक तुकडा असतो. तुकडे जोडण्याचे काम आजीच्या पायांवर सोडलेले असते. महारकी कायद्याने गेली, पण कागद वाहणारे पाय बदलले नाहीत.

किल्लारीच्या वेळी मी पाच वर्षांचा होतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळजवळ आठ हजार माणसे गेली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली. घर किती मोठे हे जमिनीवर ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरांच्या वरच्याला 750. म्हणजे जमिनीचा आकडा तलाठ्याच्या दप्तरातून पुनर्वसनाच्या दप्तरात जाऊ शकत होता. मालमत्तेची माहिती वाट काढते. त्याच आपत्तीतील सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली गेली, काही नळदुर्गच्या 'आपलं घर'मध्ये वाढली. ज्यांनी त्यांना उचलले त्यांचे ऋण मान्यच आहे. पण लेकरू एका जिल्ह्यात, बापाचा सातबारा दुसऱ्या जिल्ह्यात, यांना बांधणारा धागा कोणाच्या हाती होता, हे आपणही विचारले नाही.

हे दुखणे आपल्याच देशाचे नाही. इंग्लंडमध्ये जानेवारी 1945 मध्ये डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा पालनासाठी ठेवलेल्या शेतघरात मारहाणीने आणि उपासमारीने मेला. त्याची जबाबदारी न्यूपोर्टच्या नगरपालिकेकडे आणि घर दुसऱ्या परगण्यात, श्रॉपशायरमध्ये. लक्ष कोणी ठेवायचे याचा घोळ त्याच्या जिवावर बेतला. चौकशी झाली, 1948 साली मुलांसाठी नवा कायदा आला. पुढे त्याच देशाने सगळ्या मुलांची एकच संगणकीय नोंदवही केली आणि 2010 साली ती बंदही केली. इतकी माहिती इतक्या लोकांपुढे उघडी ठेवणे धोक्याचे आहे, हा त्यामागचा एक मोठा आक्षेप होता.

या आक्षेपाकडे आपण विशेष लक्ष द्यायला हवे, कारण आपल्या कागदावर जात असते. मी चौथीत असताना गुरुजी शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचत आणि नाव आलेल्यांना उभे करत. रक्कम किती होती ते आता आठवत नाही, उभे राहणे आठवते. तेव्हा 'सगळी माहिती सगळ्यांना द्या' ही मागणी आपली असू शकत नाही. बालविकास खात्याला मृत्यूची नोंद हवी, आजाराचा तपशील नको. शाळेला फी माफ आहे एवढे कळले तरी पुरे, आई कशाने गेली हे तिला कशाला?

कायदा हे जाणतो. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये अनाथ मुलांची माहिती राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या 'बाल स्वराज' संकेतस्थळावर भरायला जिल्हा प्रशासनाला सांगितले, आणि जूनमध्ये मुलांची ओळख उघड करून पैसे गोळा करणाऱ्या संस्थांना रोखायलाही सांगितले. एका तोंडाने 'माहिती द्या', दुसऱ्या तोंडाने 'माहिती झाका' असे कोणाला वाटेल. पण दोन्ही आज्ञा एकाच लेकरासाठी आहेत. आपल्याकडे होते नेमके उलटे. खात्याकडून खात्याकडे जायचे ते कपाटात राहते, आणि झाकायचे ते मंडपात धनादेशाच्या मोठ्या पुठ्ठ्यासह उभे केले जाते. 2023 साली जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा दुरुस्त होऊन या नोंदींचा देशपातळीवरचा साठा इतर खात्यांना देता येईल अशी सोय झाली. चुलतीची एसटी त्याने वाचेल की काय, ते पाहायचे आहे.

मंडपवाल्यांना बोल लावताना माझाही हात स्वच्छ नाही. बालसंगोपनाच्या अर्जाला मूल आणि पालक यांचा घरासमोरचा फोटो लागतो. तो मीच मोबाईलवर काढला. अर्जाला जोडला आणि त्याच रात्री, मदत मिळेल म्हणून, नावगावासह आमच्या प्राध्यापकांच्या गटावर टाकला. मदत आली, वह्या-पुस्तके आली. दोन वर्षांनी गावी गेलो तेव्हा पोरगा सातवीत होता. जेवण झाल्यावर त्याने हळूच विचारले, "काका, माजा त्यो फोटू कुनाकुनाकडं हाय?"

मी मोजू लागलो. गटात 64 जण होते.