चॉकलेटचा वास कुणाचा?
शारजात अल मजाजच्या एखाद्या दुकानातून डार्क चॉकलेट घ्या आणि खाण्याआधी जरा हुंगा. हा वास कोकोच्या कच्च्या बीत नसतोच. मळ्यात बिया काही दिवस आंबवतात. तेव्हा त्यांतली प्रथिनं तुटून अमिनो आम्लं सुटी होतात. भाजताना ती साखरेशी जुळतात. ही अभिक्रिया लुई-कामिय मायारने १९१२मध्ये मांडली. तिच्यातून पायराझिन्स तयार होतात. घरी शेंगदाणे भाजताना दरवळतात, तीही याच कुळातली. १८७९मध्ये बर्नच्या रोडॉल्फ लिंटने चॉकलेट तासन्‌तास घोटलं, तसा बराचसा आंबूस वास उडाला. त्याचं नाव आजही वेष्टनावर आहे. पण बिया आंबवल्याच नाहीत, तर कितीही भाजा, घोटा, तो वास यायचा नाही. आणि आंबवण्याची ही युक्ती ज्यांची, त्या शेतकऱ्यांची नावं कुठल्याच वेष्टनावर नाहीत.