सायकलला कळणारा चढ

नकाशाचा कागद सपाट असतो. कोणती पेठ उंचावर आणि कोणती खोलगटात, हे त्यावरून चटकन कळत नाही. मोटारसायकलवरूनही कळत नाही, कारण चढाचे काम पेट्रोल करते. सायकलवर ते आपल्या पायांना करावे लागते. माणूस आणि सायकल मिळून वजन ८० किलो धरू. रस्ता दर २० मीटरला १ मीटर चढत असेल, तर सुमारे ४ किलो वजन उचलण्याइतका जोर जास्त लावावा लागतो. म्हणजे सायकल हे चढ-उतार ओळखण्याचे साधे उपकरणच झाले. उन्हाळ्याच्या सुटीत, ऊन चढण्याआधी, हे उपकरण घेऊन आपण दोन गावांच्या जुन्या वस्त्या पाहू.

प्रथम सातारा. १७०८ साली शाहू महाराजांचा येथे राज्याभिषेक झाला. पुढे किल्ले अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शहर वाढले. शनिवार, मंगळवार, यादोगोपाळ, चिमणपुरा अशा पेठा त्यातल्याच. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे निघालो की पायडल जड होऊ लागते. मग प्रश्न पडतो : नदी खाली पूर्वेला असताना लोक या चढावर का राहिले? किल्ल्याचा आसरा हे एक कारण. दुसरे कारण डोंगरातून मिळणारे पाणी. महादरे तळे यवतेश्वरच्या डोंगराच्या कुशीत, वस्तीच्या वर आहे. ब्रिटिश काळात कास तलावाचे पाणी पाटाने आणले, तेही उतारावरून आपोआप वाहत. पंप नसताना पाणी वरून खाली आणणे सोपे, नदीवरून वर चढवणे फार कठीण. मंगळवार तळे, मोती तळे ही नावे आज पत्ता सांगण्यापुरती वापरली जातात, पण ती पाण्याच्या जुन्या व्यवस्थेची आठवण आहेत.

साताऱ्याहून माहुलीकडे जाताना उतार लागतो. तेथे वेण्णा कृष्णेला मिळते. हीच कृष्णा पुढे कराडवरून सांगलीला जाते. सांगली साताऱ्यापेक्षा जवळजवळ २०० मीटर खाली आहे.

सांगलीत सायकल अगदी हलकी चालते. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि सांगली संस्थानाची राजधानी झाली. गावभाग नदीला लागून आहे. वखारभाग हे नावच मालाच्या वखारी सांगते. सपाट जमीन आणि जवळ नदी, व्यापाराला आणखी काय हवे? जवळच्या हरिपुरात हळद जमिनीतल्या पेवांत साठवत. पेवाचे तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही, प्राणवायू कमी होतो आणि कीड जगत नाही. पण २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले आणि बहुतेक पेवे निकामी झाली.

१९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. सायकलवर जो चढ जेमतेम जाणवतो, तेवढ्यानेच तेव्हा कोणाचे घर बुडाले, तर कोणाचे कोरडे राहिले. गावभागातली कुटुंबे विश्रामबागेकडे गेली ती याच कारणाने.

मे महिन्यात नदी आटलेली असते. घाटाच्या खालच्या पायऱ्याही उघड्या पडतात. तेव्हा येथपर्यंत पाणी येईल, यावर विश्वास बसत नाही. घरे बांधताना नेमका हाच विसर महागात पडतो. म्हणून विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. दोघा-तिघांनी मिळून आपल्या गावाचा मोठा नकाशा काढावा. पायडल जड झाले तेथे रस्त्यावर बाण काढावा, बाणाचे टोक चढाकडे. नंतर घरोघरी वडीलधाऱ्यांना विचारावे, पूर्वी पाणी कोठून भरत होता आणि पुराचे पाणी कोठवर आले होते? दोन्ही खुणा वेगवेगळ्या रंगांत भराव्यात. पावसाळ्यापूर्वी तो नकाशा शाळेच्या भिंतीवर लावावा आणि पालकांनाही दाखवावा.