मोटारीचे अलंकार आणि विम्याचा कागद

मिरजेहून निघालेली मोटार सांगलीस पोहोचे, तेव्हा इ. स. १९४८ पूर्वीच्या काळात तिने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात प्रवेश केलेला असे. वाट सारी तीन कोसांची. मिरज थोरली पाती, बुधगावास राजधानी असलेली मिरज धाकटी पाती, सांगली, कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थाने एकमेकांत गुंतलेली होती. पलीकडे कोल्हापूर, आणि तासगावाकडे वळावे तो सातारा जिल्ह्याचा ब्रिटिश मुलूख लागे. संस्थानांत ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा आपोआप लागू होत नसे. मोटारीचा विमा सक्तीचा आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे गाडी कोणत्या शिवारात उभी आहे यावर अवलंबून राही.

हिंदुस्थानात मोटारींविषयीचा पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ सालचा. त्यात नोंदणी व चालकाचा परवाना यांची तरतूद होती. परंतु मोटारीखाली सापडलेल्या पादचाऱ्यास भरपाई कोठून मिळावी, याविषयी सक्तीची अशी योजना नव्हती. इंग्लंडने १९३० च्या कायद्याने तिऱ्हाइताच्या हानीचा विमा सक्तीचा केला. हिंदुस्थानात तेच तत्त्व १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणात आले. तथापि त्याचा प्रत्यक्ष अंमल सुरू होण्यास १ जुलै १९४६ हा दिवस उजाडावा लागला. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, पुढील वर्षी दक्षिण सातारा जिल्हा बनला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. कायद्याच्या दृष्टीने मिरज-सांगली रस्ता एकसंध झाला तो असा.

याच १९३९ च्या कायद्यात एक लहानसे कलम होते, ज्याकडे मोटार बाळगणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाई. नोंदणीपत्रकात वाहनाचे जे वर्णन लिहिले आहे ते खोटे ठरेल असा कोणताही फेरबदल नोंदणी अधिकाऱ्याची संमती घेतल्यावाचून करू नये, असे बत्तिसावे कलम सांगे. जादा साहित्य बसविल्याने किंवा काढल्याने वजनात फरक पडला, आणि तो नोंदलेल्या वजनाच्या शेकडा दोनांहून अधिक नसला, तर संमतीची गरज नव्हती. बाराशे किलो वजनाच्या गाडीस ही सवलत चोवीस किलोंची होते. एखादा मोठा कर्णा, जादा दिवा, टपावरील सामानाची जाळी एवढे त्यात सहज बसते. कायदा करणाऱ्यांनी हौसेला जागा ठेवली होती, ती तराजूने मोजून!

परंतु तो काळ हौसेचा राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि देशभर मोटारींच्या पाठीमागे कोळशाच्या गॅसची यंत्रे बसू लागली. लोखंडी पिंपात लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळावयाचा, त्यातून निघणारा ज्वलनशील वायू गाळून व थंड करून एंजिनास पुरवावयाचा, अशी ही रचना होती. एंजिनाची शक्ती उणावे, चढणीवर गाडी धापा टाकी, आणि निघण्यापूर्वी भट्टी पेटण्याची वाट पाहावी लागे. पण गाडी चाले. त्या यंत्राचे वजन मात्र दोन टक्क्यांच्या सवलतीत मावणारे नव्हते. शिवाय विस्तव गाडीच्याच अंगावर, आणि वायूतील मुख्य ज्वलनशील घटक कार्बन मोनॉक्साइड, ज्यास रंग नाही व वास नाही. ज्या गाडीच्या आगीची जोखीम विमेवाल्याने पत्करली ती गाडी एक, आणि रस्त्यावर धावणारी गाडी दुसरीच, असा प्रकार येथे उघड दिसू लागला.

विम्याचा करार हा परम विश्वासाचा करार मानला जातो. जोखमीवर परिणाम करणारी गोष्ट ज्यास ठाऊक आहे त्याने ती आपण होऊन सांगावी, विचारले नाही म्हणून गप्प बसू नये, हे त्याचे मूळ. मालवाहू मोटारीच्या मालकास हे लवकर उमगले. गाडी तो नुसत्या सांगाड्यावर एंजिन व चाके अशी विकत घेई आणि तिची पेटी सुतार-लोहारांकडून बांधून घेई. सांगाड्याची किंमत एक आणि वरच्या बांधणीची दुसरी, हे त्याच्या हिशेबाच्या वहीतच होते. खाजगी मोटारवाला गाडी पुरी झालेलीच घेई, म्हणून नंतर चढविलेले साहित्य मूळ गाडीतच मोडते असा त्याचा समज होई. तो समज आजही मोडलेला नाही.

१ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन शंभरांहून अधिक कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. पुढे २००२ च्या मोटार दरपत्रकाने अलंकारांचा हिशेब स्पष्ट मांडला. कारखान्याच्या जाहीर विक्रीकिंमतीतून वयाप्रमाणे घट वजा करून गाडीची किंमत ठरवावी. त्या किंमतीत न आलेल्या साहित्याची किंमत त्याच रीतीने वेगळी ठरवावी. विजेच्या साहित्यावर त्याच्या किंमतीच्या शेकडा चार इतका जादा हप्ता घ्यावा, आणि गॅसवर चालविण्याच्या संचासही तोच दर लावावा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे हे दर २००७ पासून खुले झाले. परंतु जे जाहीर केले व ज्याचा हप्ता भरला तेवढ्याचीच भरपाई, हा रिवाज राहिला.

फेरबदलाचा कायदाही अधिक कडक झाला. १९८८ च्या कायद्याच्या बावन्नाव्या कलमात २००० साली दुरुस्ती होऊन तुलनेचे माप बदलले: नोंदणीपत्रकाऐवजी कारखानदाराने मुळात दिलेले वर्णन प्रमाण ठरले. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

तिऱ्हाइताची गोष्ट निराळी. मालकाने आपल्या गाडीस काय जोडले हे रस्त्याने चालणाऱ्या शेतकऱ्यास कळण्याचा मार्ग नाही, आणि त्याच्या मोडलेल्या पायाची भरपाई त्या अज्ञानावर टांगून ठेवणे न्यायाचे नाही. म्हणून कायद्याने तिऱ्हाइताविरुद्ध विमेवाल्याच्या सबबी मोजक्याच ठेविल्या आहेत. आणि परवान्यातील दोषासारख्या प्रकरणांत आधी विमेवाल्याने रक्कम द्यावी व मागाहून मालकाकडून वसूल करावी, अशी वाट न्यायालयांनी पाडली आहे. मालकाच्या स्वतःच्या नुकसानीस हे संरक्षण नाही. न कळविलेल्या गॅस-संचाने गाडी पेटली, तर भांडण दोन करारकर्त्यांत असते, आणि पहिला प्रश्न कागदावर काय लिहिले होते हाच निघतो.

आज मिरजेतील मालकाने ‘एमएच १०’ क्रमांकाच्या गाडीस गॅसचा संच बसविला, तर त्यास दोन नोंदी कराव्या लागतात: एक परिवहन कार्यालयात नोंदणीपत्रकावर, दुसरी विमापत्रावर. पुष्कळजण पहिली करतात, कारण रस्त्यात पोलीस नोंदणीपत्रक पाहतो. दुसरी पाहणारा मनुष्य अपघातानंतरच येतो.